उद्योगनगरी नाशिक : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

प्रस्तावना

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला आम्ही जपानचे औद्योगिक प्रदेश अभ्यासले. टोकियो-योकोहामा, ओसाका-कोबे, नागोया आणि किताक्युशू ही चार नावे वर्गातील बहुतेकांना पाठ झाली. परीक्षेत किताक्युशूवर टीप आली, ती मी मुद्देसूद लिहिली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मोठ्या हौसेने अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सारे सांगितले. अण्णा घोटीतील भाताच्या गिरणीवर हमाली करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "जपानचं झालं. पण आपल्या नाशकात एवढ्या कंपन्या कशापायी आल्या, हे शिकवलं का? आपल्या धरणाचं पाणी तिकडं जातं, मग आपलं पोरगं तिथं कायम का होत नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि दुसऱ्याचे तर पाठ्यपुस्तकातही नव्हते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. किताक्युशूची माहिती असलेल्या मुलीला पस्तीस किलोमीटरवरच्या शहराची माहिती नसावी, याची मला लाज वाटली. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करण्याचे ठरविले. प्रस्तुत लेख म्हणजे अण्णांच्या दोन प्रश्नांना दिलेले, उशिराचे आणि कदाचित अपुरे, उत्तर होय.

कारखान्यांपूर्वीचे नाशिक

नाशिक म्हटले की पंचवटी, काळाराम मंदिर, रामकुंड आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ कुंभमेळा डोळ्यांसमोर येतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. हे तीर्थक्षेत्र पूर्वीपासून कारागिरांचेही गाव होते. तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडत. यात्रेकरू परत जाताना गोदावरीच्या पाण्याबरोबर नाशिकचे भांडेही नेत.

नव्या युगाची पहिली खूण म्हणजे आगगाडी. कसाऱ्याचा घाट, म्हणजेच थळ घाट, चढून लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत आला. हा चढ ३७ फुटांना १ फूट इतका उभा असल्याने आजही कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वे गावापासून दूर गेली. त्यामुळे स्थानकाभोवती नाशिकरोड ही निराळी वस्ती वाढली आणि पुढे उद्योगांचा पहिला मोठा पायाही तेथेच पडला.

१९२५ मध्ये सरकारने नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू केला. त्यापूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे इंग्लंडमध्ये छापली जात. १९२८ मध्ये शेजारीच नोटा छापण्याचा कारखाना निघाला. २००६ पासून हे दोन्ही छापखाने भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाच्या अखत्यारीत आहेत. आपण ज्या नोटा मोजतो त्यांपैकी पुष्कळ नोटांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात झालेला असतो. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "इथंच छापतात, पण आपल्याकडं यायला लई वेळ लागतो!"

उद्योग नाशिकलाच का आले?

औद्योगिक भूगोलात कच्चा माल, शक्तिसाधने, पाणी, वाहतूक, मजूर, बाजारपेठ आणि शासकीय धोरण हे घटक सांगितलेले असतात. नाशिकला ते लावून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. नाशिकजवळ लोखंडाची वा कोळशाची खाण नाही. म्हणजे कच्च्या मालामुळे हे शहर वाढले नाही. ते पुढील कारणांनी वाढले.

पहिले कारण शासकीय धोरण. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा बहुतेक उद्योग मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात एकवटलेले होते. ते राज्यभर पसरावेत म्हणून १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. हे महामंडळ जमीन संपादन करून रस्ते, पाणी, वीज यांची सोय करते व उद्योजकांना भूखंड देते. आपण ज्याला सरसकट 'एमआयडीसी' म्हणतो ती हीच. १९६४ मध्ये विकसित पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी योजनाही शासनाने आणली.

दुसरे कारण वाहतूक. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वे हे दोन्ही नाशिकवरून जातात. मुंबईचे बंदर जवळ, पण मुंबईची महागडी जागा टळते, असे हे अंतर आहे.

तिसरे कारण पाणी. गोदावरीवरील गंगापूर धरणाने शहराला व कारखान्यांना पाण्याची हमी दिली. चौथे कारण वीज. एकलहरे येथे १९७० च्या सुमारास १४० मेगावॅटचे दोन संच आणि १९८० च्या आगेमागे २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले. या केंद्रासाठी कोळसा विदर्भाकडून रेल्वेने येतो, म्हणजे नाशिकची वीजसुद्धा रेल्वेच्याच आधाराने तयार झाली.

पाचवे कारण थंड, कोरडी हवा आणि आसपासच्या तालुक्यांतील मनुष्यबळ. या शेवटच्या कारणाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

औद्योगिक वसाहतींचा परिचय

ओझर : १९६४ मध्ये मिग-२१ विमाने बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे आला. मिग-२१, मिग-२७ आणि नंतर सुखोई-३० ही लढाऊ विमाने येथे तयार झाली. मिग-२१ हवाई दलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले, आणि पुढच्याच महिन्यात ओझरला बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिले उड्डाण केले.

सातपूर : त्र्यंबक रस्त्यावरील ही जुनी वसाहत. डिझेल इंजिनाचे सूक्ष्म भाग बनविणारी मायको कंपनी येथे आली. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, पण शहरातील चौक अजून 'मायको सर्कल'च आहे. महिंद्रचा मोटारींचा कारखानाही सातपूरचाच. २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ नाशिकला तयार होऊ लागली.

अंबड : मुंबई-आग्रा महामार्गालगतची ही वसाहत विद्युत उपकरणे, यंत्रभाग आणि शेकडो लहान कारखाने यांसाठी ओळखली जाते. सातपूर व अंबड यांच्या मधल्या भागात सिडकोने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी टप्प्याटप्प्याने हजारो घरे बांधली. खानदेश, मराठवाडा, सिन्नर, इगतपुरी अशा ठिकाणचे कामगार तेथे स्थिरावले.

सिन्नर : पूर्वी विड्यांचे गाव. घराघरांतून बायका विड्या वळत. नंतर मुसळगावला सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावला एमआयडीसी झाली.

गोंदे-वाडीवऱ्हे : ही आपल्या सर्वांत जवळची पट्टी. घोटी फाट्यावर पहाटे उभे राहिले की कंपन्यांच्या बसेस थांबताना आणि डबा घेतलेली आपल्या गावची मुले चढताना दिसतात. इगतपुरीला महिंद्रचा इंजिनांचा कारखानाही आहे.

याशिवाय २००० सालानंतर द्राक्षांपासून वाइन बनविण्याचा उद्योग वाढला. शेतीला जोडून उभा राहिलेला उद्योग म्हणून त्याचा वेगळा अभ्यास व्हावयास हवा.

लहान शेडचे मोठे काम

औद्योगिक शहर म्हणजे मोठ्या कंपन्यांचे फाटक, अशी माझी समजूत होती. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसभावाबरोबर अंबडच्या एका लहान शेडमध्ये गेले तेव्हा ती दूर झाली.

मोटारीत हजारो सुटे भाग असतात. ते सारे मोठा कारखाना स्वतः बनवीत नाही. तो भागाचा नकाशा, म्हणजे ड्रॉइंग, देतो आणि 'व्हेंडर' तो भाग बनवून देतो. व्हेंडरसुद्धा सर्व कामे करीत नाही. एका ठिकाणी लोखंडाची घडाई होते, दुसरीकडे लेथवर कातकाम, तिसरीकडे भट्टीत तापवून कडक करणे, चौथीकडे ग्राइंडिंग, पाचवीकडे मुलामा. एक हातभर लांबीचा दांडा टेम्पोने पाच गाळे हिंडून मग मोठ्या कारखान्यात पोहोचतो. या कामाला 'जॉबवर्क' म्हणतात. सातपूर-अंबडचे खरे बळ या साखळीत आहे. एक मोठा कारखाना मंदावला की हे पाचही गाळे मंदावतात.

मावसभावाने मला एक गंमत दाखविली. छिद्राचा व्यास बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी मोजमाप घेत नाहीत. दोन टोकांची एक पिन असते. एक टोक छिद्रात जायलाच हवे आणि दुसरे मुळीच जाता कामा नये. याला 'गो-नोगो गेज' म्हणतात. आठ तासांच्या पाळीत तो ही पिन शेकडो वेळा घालतो व काढतो. "पहिले दोन महिने झोपेतही पिनच दिसायची," असे तो म्हणाला.

काळाबरोबर या साखळीलाही हादरे बसतात. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांसाठी भारत स्टेज-६ हे कडक प्रदूषण-निकष लागू झाले. त्याबरोबर जुन्या धर्तीच्या डिझेल भागांची मागणी घटली. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. त्यांना इंजिनच नसते, तर इंजिनाचे भाग करणाऱ्या गाळ्यांनी काय करावे? हा नाशिकपुढचा आजचा मोठा प्रश्न आहे.

किताक्युशू आणि नाशिक

आता परीक्षेतील त्या टीपेकडे वळते. तुलना केल्यास दोन्ही शहरांत काही साम्ये आढळतात.

किताक्युशू हे एक गाव वाढून झालेले शहर नव्हे. मोजी, कोकुरा, तोबाता, यावाता आणि वाकामात्सु ही पाच शहरे १९६३ मध्ये एकत्र करून ते निर्माण झाले. नाशिक महानगरपालिकाही अशीच ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची गावे मिळून झाली. नाशिकची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ६ लाख ५७ हजार होती. ती २००१ मध्ये १० लाख ७७ हजार आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार झाली. किताक्युशूची लोकसंख्या मात्र एके काळी १० लाखांवर होती, ती २०२० च्या गणनेत सुमारे ९ लाख ३९ हजारांवर आली. म्हणजे उद्योगनगरी नेहमी वाढतच राहते असे नाही.

किताक्युशूच्या यावाता भागात १९०१ मध्ये सरकारी पोलादाचा कारखाना सुरू झाला. युद्धानंतरच्या काळात तेथील धुराड्यांचा धूर हे भरभराटीचे लक्षण मानले जाई. परंतु त्याच धुराने मुलांना दम्याचे विकार जडले, आणि कारखान्यांचे सांडपाणी दोकाई उपसागरात सोडल्याने तेथे मासे उरले नाहीत. लोक त्याला 'मृत समुद्र' म्हणत.

याविरुद्ध प्रथम आवाज उठविला तो तोबाता येथील गृहिणींनी. वाळत घातलेले कपडे काळे होतात, हे त्यांच्या तक्रारीचे साधे कारण होते. त्यांनी काजळी कोठे, किती पडते याची नोंद ठेवली, तज्ज्ञांकडून शिकून घेतले आणि १९६५ मध्ये 'आम्हाला निळे आकाश हवे' या अर्थाच्या नावाचा एक लघुपट स्वतः तयार केला. त्यांच्यापैकी अनेकींचे पती त्याच कारखान्यांत नोकरीला होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखाना बंद करा असे त्या म्हणाल्या नाहीत. घराची चूल आणि घराची हवा, दोन्ही त्यांना हवी होती. पुढे नगरपालिका व कारखाने यांच्यात करार झाले, उपसागराच्या तळाचा विषारी गाळ काढण्यात आला, मासे परत आले. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराचा 'ग्लोबल ५००' पुरस्काराने गौरव केला.

नाशिकला दोकाई उपसागर नाही, पण गोदावरी आहे. सातपूर-अंबडकडून वाहत येणारी नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, शहरातून गोदावरीला मिळते. शहराचे सांडपाणी आणि उद्योगांचे पाणी नदीत जाते, म्हणूनच खाली पात्रावर पाणवेलींचा हिरवा थर पसरतो. ज्या नदीत स्नान करण्यासाठी देशभरातून लोक येतात तिची ही स्थिती असावी, हे भूषणावह नाही. तोबाताच्या बायकांनी काजळी मोजली. आपल्यापैकी कोणी नंदिनीच्या पाण्याची नोंद ठेवली आहे काय? विज्ञान शाखाच हे करू शकते असे नाही. वही, पेन आणि नेम धरून जाणारे पाय असले तरी सुरुवात होते.

आपला तालुका आणि ही नगरी

आता अण्णांचा दुसरा प्रश्न.

इगतपुरी तालुक्यात महाराष्ट्रातील भरपूर पावसाच्या जागा आहेत. म्हणून येथे धरणेही पुष्कळ. दारणा धरण इंग्रजांच्या काळात, १९१६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी दूर खाली नगर जिल्ह्यातील शेतीला जाते आणि चेहेडीच्या बंधाऱ्यावरून नाशिकरोडलाही मिळते. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. मुकणे धरणातून थेट जलवाहिनीने नाशिक शहराला पाणी जाते. एवढे असूनही उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातील कित्येक वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी उताराने वाहते हे भूगोल सांगतो, पण ते नळाने कोणाकडे जाते हे केवळ भूगोल ठरवीत नाही.

पाण्यासारखीच आपली माणसेही तिकडे जातात. माझा थोरला भाऊ आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून महामार्गावरील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. सात महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. मग काही दिवस घरी बसायचे आणि पुन्हा जायचे. तीन वर्षांत ठेकेदार बदलला, गेटपासचा रंग बदलला, यंत्र मात्र तेच राहिले. त्याच यंत्रावर शेजारच्या पाळीत काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार त्याच्याहून कितीतरी अधिक आहे. दादाचे लग्न दोनदा ठरता ठरता राहिले. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "परमनंट आहे का?"

ठेका कामगारांविषयीचा कायदा १९७० चा. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी, आणि बारमाही चालणाऱ्या कामात ठेका बंद करण्याचा अधिकार सरकारला असावा, असे त्यात होते. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तीत मुख्य उत्पादनाच्या कामात ठेका कामगार ठेवण्यास मनाई आहे, पण अपवादही आहेत. अपवाद मोठा की नियम मोठा, हे पुढील काही वर्षांत फाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलांनाच कळेल. दादाला मी हे वाचून दाखविले. तो म्हणाला, "तू शिकतेस ते बरंय. आमच्यातल्या कुणाला कागद वाचायला सवड नसते."

धोक्याची दुसरी बाजूही आहे. १ जानेवारी २०२३ रोजी आपल्याच तालुक्यातील मुंढेगाव येथे एका कारखान्यात भीषण आग लागून मनुष्यहानी झाली. तेव्हा मी शाळेत होते. तो काळा धूर पाहून गल्लीतील प्रत्येक आई आपला मुलगा कोणत्या पाळीला आहे ते आठवीत होती. नवे वर्ष असे सुरू झालेले मी विसरू शकत नाही.

तथापि केवळ तक्रार करणे योग्य होणार नाही. कारखाने आले म्हणून आपल्या गावच्या मुलांना भातलावणीनंतरचे आठ महिने मुंबईला जावे लागत नाही. दादाच्या पगारातूनच माझी फी भरली जाते. सावकाराकडे गहाण असलेले आमचे एक शेतही त्याच पैशाने सुटले. आई म्हणते, "कंपनी वाईट नाही गं, तिचा भरवसा नाही." एवढ्या थोड्या शब्दांत हा प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

उपसंहार

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तो आपल्या तालुक्यातून जातो. ज्या कारणांनी साठ वर्षांपूर्वी उद्योग नाशिकला आले, म्हणजे रस्ता, पाणी, मुंबईचे सान्निध्य आणि कष्टाळू माणसे, ती सारी कारणे आता घोटीला लागू पडतात. म्हणजे "आपल्याकडं कंपन्या का नाहीत?" हा प्रश्न फार दिवस राहणार नाही. त्या आल्यावर आपल्या भातखाचरांचे काय होईल, ओढ्यात कोणते पाणी सोडले जाईल आणि आपला मुलगा कोणत्या रंगाचा गेटपास घेऊन आत जाईल, हे प्रश्न मात्र आधीच विचारावयास हवेत. किताक्युशूने ते धूर झाल्यावर विचारले. नाशिक ते आता विचारीत आहे. आपल्याला अजून वेळ आहे.

हा लेख मी प्रथम अण्णांना वाचून दाखविला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पटले. दुसऱ्याचे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या पुस्तकालाही अजून सापडलं नाही म्हण की." मी होय म्हटले. आपल्या महाविद्यालयातील भूगोल, अर्थशास्त्र आणि मराठी या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका सुट्टीत तालुक्यातील ठेका कामगारांची आणि ओढ्या-नाल्यांची साधी पाहणी करावी, अशी नम्र सूचना प्राध्यापकांपुढे व विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवून हा लेख पुरा करते. त्या पाहणीची पहिली वही मी आणून ठेवली आहे.